रबिंग-पॉलिशचा मागोवा

मोटारीला मशीनने पॉलिश करायला नव्याने शिकणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी एकच धास्ती असते: रंग निघून तर जाणार नाही? गाडी स्वतःची असते, बॉनेटवर वाटाण्याएवढे पॉलिशचे चार ठिपके ठेवलेले असतात, पॅड त्यांवर टेकवलेला असतो आणि बोट काही केल्या बटण दाबत नाही. शेजारी उभा असलेला जाणकार धीर देतो, ‘काही होत नाही, फिरवा बिनधास्त.’ मला हा धीर घातक वाटतो. रंग निघतोच. अगदी थोडा, मायक्रॉनच्या हिशेबात निघतो, पण निघतो म्हणूनच चमक येते. शिकणाऱ्याची धास्ती शहाणी आहे. ती घालवण्यापेक्षा आपण काय काढतो आहोत, कुठून काढतो आहोत आणि हे काढणं सुरू कसं झालं, हे त्याला सांगायला हवं.

घासण्यातून चमक कशी येते, याचा नीट विचार करणाऱ्यांत एक नाव आयझॅक न्यूटनचं आहे. 1668 च्या सुमाराला त्याने आरशाची दुर्बीण बनवली, तेव्हा तिचा धातूचा आरसा त्याने स्वतःच्या हातांनी घोटला होता. त्यामुळे 1704 साली छापलेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात तो या विषयावर लिहितो, ते हात चालवलेल्या माणसाचं लिहिणं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वाळूने किंवा कथलाच्या भस्माने घासल्यावर काचेचा कणन् कण सपाट होतो, हे खरं नाही. मोठे ओरखडे मोडतात आणि त्यांच्या जागी बारीक ओरखडे येतात. ते डोळ्यांना दिसेनासे झाले की त्या पृष्ठभागाला आपण चकचकीत म्हणतो. पुढच्या शास्त्रज्ञांनी या म्हणण्यात पुष्कळ भर घातली, घासताना वरचा थर काही प्रमाणात वाहतोही असं काहींनी मांडलं. पण गॅरेजमधल्या माणसाला न्यूटनचं सूत्र आजही पुरतं. आधी जाड दाण्याचं कंपाउंड, मग बारीक दाण्याचं पॉलिश, प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीचे ओरखडे पुसायचे आणि स्वतःचे त्याहून बारीक ठेवायचे.

मोटार जन्माला आली तेव्हा तिच्या अंगावरचा रंग घोडागाडीवाल्यांचाच होता. जवसाच्या तेलात घोटलेला रंग ब्रशने चढवायचा, वाळू द्यायचा, प्युमिस या ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाच्या पुडीने पाणी लावून घासायचा आणि पुन्हा पुढचा हात मारायचा. मग राळेच्या व्हार्निशचे हात. तेही एकेक करून घासले जात. रॉटनस्टोन नावाची, चुनखडक झिजून उरलेली मऊसर भुकटी फेल्टच्या तुकड्यावर घेऊन शेवटची घोटाई होई. या कामात घासणं हा रंगकामाचाच भाग होता. ते वेगळं काम आहे, ते पुढे कधीतरी करायचं आहे, असं कुणाच्या मनातही नव्हतं.

हे सगळं व्हायला आठवडे लागत. 1913 साली हेन्री फोर्डने हायलँड पार्कच्या कारखान्यात फिरती जुळणी सुरू केली आणि ज्या चासीच्या जुळणीला साडेबारा तास लागत ती 1914 पर्यंत 93 मिनिटांवर आली. रंग मात्र आपल्याच चालीने वाळत होता. फोर्डने त्यातून आपली वाट काढली. 1914 ते 1925 या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली गेली. डांबरी घटक असलेला तो काळा रंग भट्टीत भाजून लवकर वाळे, टिकाऊ होता आणि स्वस्तही पडे. ज्यांना निळ्या, तांबड्या, पिवळ्या गाड्या विकायच्या होत्या त्यांच्या कारखान्यांत मात्र तयार बॉड्या रंग वाळण्याची वाट पाहत उभ्या राहत. त्यांना झाकायला छप्पर लागे, जागा लागे, भांडवल अडकून पडे.

ही कोंडी फुटली ती निष्काळजीपणातून म्हणावी अशा एका घटनेने. 1920 च्या जुलै महिन्यात न्यू जर्सीतल्या पार्लिन इथे ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत सिनेमाच्या फिल्मसाठी नायट्रोसेल्युलोजच्या द्रावणावर काम चालू होतं. त्याचं एक पिंप सुट्टीच्या दिवसांत उन्हाळ्याच्या उकाड्यात तसंच राहून गेलं. परत येऊन पाहतात तो एरवी घट्ट, चिकट असणारं द्रावण काकवीसारखं सैल झालेलं. या सैलपणाला मोठा अर्थ होता. आता त्यात भरपूर रंगद्रव्य मावत होतं आणि तरीही ते नळीतून फवारता येत होतं. जनरल मोटर्स आणि ड्यूपाँट यांचे आर्थिक संबंध त्या वेळी घनिष्ठ होते. जनरल मोटर्सचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग रंगाच्या रखडण्याने आधीच वैतागलेले होते. त्यांच्या आग्रहातून हे द्रावण मोटारीवर आलं आणि 1923 मध्ये ओकलंड गाडीचं नवं निळं मॉडेल ‘ड्युको’ या नावाच्या लॅकरमध्ये बाजारात उतरलं. आठवड्यांचं काम तासांवर आलं. केटरिंगबद्दल एक आख्यायिका सांगतात: गाडी इतक्या लवकर रंगवणं अशक्य आहे म्हणणाऱ्या एका रंगतज्ज्ञाला त्यांनी जेवायला नेलं. जेवून बाहेर आल्यावर त्या गृहस्थाला आपली गाडी सापडेना, कारण दरम्यान तिचा रंग बदललेला होता. आपल्याकडे लाकडी कपाटाला स्प्रेने रंग मारण्याच्या कामाला सुतार आणि पेंटर आजही ‘डुको’ म्हणतात, ते याच पार्लिनच्या पिंपातून आलेलं आहे.

पॉलिशच्या इतिहासात ड्युकोचं महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. लॅकर झपाट्याने वाळतं, आणि झपाट्याने वाळल्यामुळे त्याला पसरून सपाट व्हायला सवड मिळत नाही. फवारलेला पृष्ठभाग मंद, किंचित खरखरीत राहतो. गॅरेजच्या भाषेत त्याला ऑरेंज पील म्हणतात. त्यामुळे ड्युकोने वाळण्याचा वेळ वाचवला, पण घासण्याचं काम संपवलं नाही. कारखान्यात कामगारांच्या रांगा कंपाउंड लावून बॉड्या घासू लागल्या. लॅकर आधी घासायचं आणि मग चमकवायचं, ही जोडी तिथे पक्की झाली. आपल्या गॅरेजवाल्यांच्या तोंडचं ‘रबिंग-पॉलिश’ त्याच घराण्यातलं आहे.

गाडी घासण्या-रंगवण्याच्या कामातून त्याच काळात आणखी दोन वस्तू जन्माला आल्या. शिकणाऱ्याच्या पेटीत त्या आजही असतात. पहिली पाण्याचा पॉलिश पेपर. फिलाडेल्फियात छपाईची शाई बनवणाऱ्या फ्रान्सिस ओकी नावाच्या माणसाने मिनेसोटातल्या 3एम कंपनीला पत्र लिहून तिच्याकडच्या खरखरीत दाण्यांचे नमुने मागवले. कंपनीच्या लोकांना नवल वाटलं, शाईवाल्याला हे कशाला हवेत? चौकशी केली तेव्हा कळलं की त्याने पाण्यात न विरघळणारा सँडपेपर शोधला आहे. 3एमने हक्क विकत घेतले आणि 1921 मध्ये ‘वेटॉरड्राय’ बाजारात आला. त्या काळच्या रंगांत शिसं असे. कोरडं घासलं की त्याची धूळ कामगारांच्या फुप्फुसात जाई आणि माणसं आजारी पडत. ओला कागद आला तेव्हा ती धूळ खाली बसली. माझ्या लेखी या सगळ्या मागोव्यातला हा सर्वांत मोलाचा शोध आहे. बाकीच्यांनी गाडीचं रूप सुधारलं, याने घासणाऱ्याचा श्वास वाचवला.

दुसरी वस्तू पहिलीच्या पाठीला पाठ लावून आली. 3एमचा रिचर्ड ड्रू नावाचा तरुण सहायक हा ओला कागद दाखवायला सेंट पॉल शहरातल्या रंगाच्या गॅरेजांमध्ये जात असे. दुरंगी गाड्यांची तेव्हा हौस होती. पहिला रंग झाकायला पेंटर वर्तमानपत्राचा कागद डिंकाने चिकटवत आणि काढताना ताजा रंग सालपटासारखा निघून येई. पेंटरांच्या शिव्या ऐकून ड्रू परतला, पुढे 1925 मध्ये मास्किंग टेप घेऊन आला. आज नवशिका माणूस मशीन हातात घेण्याआधी गाडीच्या काळ्या रबराच्या पट्ट्यांवर आणि बॉनेटच्या कडांवर जो टेप मारतो, तो हाच.

लॅकरला आणखी एक खोड होती. उन्हात ते निस्तेज होई आणि त्याच्या वरच्या थरावर पांढुरकी भुकटी चढे. म्हणजे गाडी विकल्यानंतरही घासणं सुरूच राही, आणि आता ते मालकाच्या अंगावर आलं. ड्यूपाँटने स्वतःच ‘नंबर 7’ नावाचं पॉलिश विकायला आणलं. शिकागोचं सायमनाइझ मेण 1910 च्या सुमारापासून बाजारात होतंच. 1901 मध्ये इंडियानात फ्रँक मेग्वायरने फर्निचरच्या पॉलिशचा धंदा सुरू केला होता, तोही मोटारीकडे वळला. सुट्टीच्या दिवशी घरासमोर बाह्या सरसावून गाडी घासणारा अमेरिकन माणूस या काळातला आहे. त्या मेणांत ब्राझीलच्या कार्नाउबा ताडाच्या पानांवरचं कडक मेण असे. मेण काही काढत नाही, ते फक्त वर बसतं. घासणं आणि झाकणं या दोन गोष्टींची बाजारात जी गल्लत झाली, ती तेव्हापासूनची आहे. आजही दुकानात ‘पॉलिश’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत निव्वळ तेल आणि मेण असतं. त्यांनी ओरखडे भरतात, चार धुलाया झाल्या की पुन्हा दिसू लागतात.

घासणाऱ्या दाण्याचं घराणं मोटारीहून जुनं आहे. कुरुंदाचा दगड आपल्याकडे शतकानुशतकं रत्नं आणि हत्यारं घासायला वापरला जात होता. 1891 मध्ये पेनसिल्व्हेनियात एडवर्ड अ‍ॅचेसन कृत्रिम हिरा बनवण्याच्या नादात माती आणि कोक विजेच्या प्रवाहाने तापवत होता. हाती आले ते निळसर काळे, चमकणारे, विलक्षण कठीण स्फटिक. त्याने त्यांना कार्बोरंडम नाव दिलं. रासायनिक भाषेत ते सिलिकॉन कार्बाइड. त्याचं पहिलं गिऱ्हाईक रत्नांना पैलू पाडणारे कारागीर होते. पुढे नायगाराच्या धबधब्याची स्वस्त वीज मिळाली आणि तो दाणा जगभर गेला. भारतात घासचाकांचा कारखाना 1941 मध्ये उभा राहिला, तो मुंबईसमोरच्या खाडीपलीकडे, उरणजवळच्या मोरा बंदरात. ग्राइंडवेल हे त्याचं नाव. मोऱ्याला लाँचने जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? आजच्या पॉलिशमध्ये मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा, म्हणजे कुरुंदाच्याच कारखान्यात बनलेल्या भावंडाचा, दाणा असतो. इतका बारीक की चिमटीत घेतला तर पिठासारखा लागतो.

हाताने घासायला माणसं कमी पडू लागली तसं मशीन आलं. पहिल्या मशीनची कल्पना सरळ होती: मोटर, तिच्या टोकाला तबकडी, तबकडीवर मेंढीच्या लोकरीची टोपी. ते एकाच आसाभोवती गरगर फिरतं. ड्रिल आणि अँगल ग्राइंडर यांचं ते भावंड. जर्मनीत 1922 मध्ये सुरू झालेल्या फ्लेक्स कंपनीने 1954 मध्ये वेगवान अँगल ग्राइंडर काढला आणि तिथे त्या हत्यारालाच लोक फ्लेक्स म्हणू लागले. पॉलिशचं रोटरी मशीन त्याच अंगकाठीचं, फक्त संथ.

संथ म्हटलं तरी हिशेब करून पाहावा. 18 सेंटीमीटर व्यासाचा पॅड मिनिटाला 1500 फेरे घेत असेल तर त्याची कड रंगावरून ताशी 50 किलोमीटरच्या वेगाने जाते. आणि ती एकाच दिशेने जाते, जिथे टेकली आहे तिथेच पुन्हा पुन्हा. घर्षणाने रंग तापतो, मऊ होतो आणि कारागिराचं क्षणभर लक्ष हललं की जळतो. बॉनेटची घडी, दाराची धार, मडगार्डची उभार रेष, इथे तो आधी जळतो. फवारलेला ओला रंग धारेवरून दोन्ही बाजूंना ओघळतो, म्हणून तिथला थर मुळातच पातळ असतो. तिथे पॅडचं सगळं वजन एका रेषेवर येतं ते वेगळंच.

म्हणून रोटरी चालवणाऱ्या जाणत्या कारागिराचे हात पाहण्यासारखे असतात. मशीनची वायर त्याने खांद्यावरून मागे टाकलेली असते, ती रंगाला शिवू नये म्हणून. पॅड फिरत असताना तो धारेकडे जातो तेव्हा फिरणारी कड नेहमी धारेवरून बाहेर जाईल अशा बेताने मशीन धरतो, आत येईल अशी कधी धरत नाही. मनगट किंचित वळवून पॅडचा एक कोपरा हलका करतो. मध्येच मोकळा तळहात पत्र्यावर ठेवून ऊब पाहतो. हे कुठल्या पुस्तकात वाचून आलेलं नसतं. कुर्ल्यातल्या, पिंपरीतल्या, कोल्हापुरातल्या गॅरेजांत ते उस्तादाकडून पोराकडे गेलं आणि त्या पोराला मशीन हातात मिळण्याआधी लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी, घासण्यात आणि पेपर मारण्यात बराच काळ घालवावा लागला.

मुंबई-पुण्याकडच्या या विद्येला रंगही साजेसे होते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बाहेर पडू लागली, तीच पुढे पद्मिनी झाली. 2023 पर्यंत मुंबईत धावलेली काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. पद्मिनी काय, अम्बॅसेडर काय, सुरुवातीची मारुती 800 काय, त्यांच्या सॉलिड रंगात रंगद्रव्य अगदी वरपर्यंत असे. रबिंग मारलं की फडका गाडीच्याच रंगाचा होई. लाल गाडीला लाल, निळीला निळा. निस्तेज झालेला थर निघाला की खालून ताजा रंग वर येई. अशा रंगाला दर दोन-तीन वर्षांनी रबिंग मारणं हा योग्य उपाय होता, आणि आपल्या गॅरेजची सवय तिथे घडली.

मग रंग बदलला आणि सवय तशीच राहिली. माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ हे आहे.

1970 च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढे 1980 च्या दशकभर पाश्चात्त्य आणि जपानी कंपन्यांनी रंगाचे दोन भाग केले. खाली रंगद्रव्य असलेला पातळ बेस कोट, वर पारदर्शक क्लिअर कोट. मेटॅलिक रंगांतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्या उघड्या राहिल्या की काळवंडत, त्यांना काचेसारखं झाकण हवं होतं. आता चकाकी क्लिअर कोटची आणि रंग खालच्या थराचा. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन जाडी असते. त्यातला क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्म्या जाडीचा. लोकरीच्या पॅडने आणि जाड कंपाउंडने एकदा नीट काम केलं तर त्यातले दोन-चार मायक्रॉन जातात, हलक्या पॉलिशने एखादा. ऊन झेपण्यासाठी क्लिअर कोटमध्ये अतिनील किरणं शोषणारी द्रव्यं मिसळलेली असतात, त्यांच्यासाठी पुरेशी जाडी शिल्लक राहावी लागते. म्हणून गाडीच्या सगळ्या आयुष्यात मिळून 8 ते 10 मायक्रॉनच्या पुढे जाऊ नये असं जाणकार मानतात. हिशेब केला तर दर सर्व्हिसिंगला मारलेलं रबिंग हे माप काही वर्षांतच ओलांडतं. छपरावर, बॉनेटवर सालपटं निघाल्यासारखे पांढरे डाग दिसतात त्यांतले कित्येक असे वेळेआधी ओढवून घेतलेले असतात. फडका आता रंगत नाही, त्यामुळे काही जातंय हे कुणाला दिसतही नाही.

क्लिअर कोटने दुसरंही एक संकट उभं केलं. आधीच्या रंगात जे ओरखडे मुरून जात ते या पारदर्शक थरात लख्ख दिसू लागले. काळी गाडी उन्हात उभी करावी, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांचं गोल जाळं दिसतं. घासणीने घासलेल्या स्टीलच्या ताटात बल्बभोवती दिसतं तसंच. लोक म्हणतात, गोल गोल पुसल्यामुळे गोल रेघा पडल्या. खरं म्हणजे ओरखडे सगळ्या दिशांना असतात. त्यांतले जे प्रकाशाच्या रेषेला आडवे पडतात तेवढेच उजेड आपल्या डोळ्यांकडे फेकतात, बाकीचे गप्प राहतात. म्हणून दिवा सरकवला की जाळंही त्याच्याबरोबर सरकतं. हे ओरखडे पडतात ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहाटे अर्ध्या बादलीत वीस गाड्या पुसाव्या लागणाऱ्या माणसाच्या फडक्यातल्या धुळीने. त्याला दोष देण्याआधी त्याला जास्तीचं पाणी आणि स्वच्छ फडकी द्यावीत.

रोटरीने हे जाळं जाई, पण लोकरीच्या जाड रेषा मागे राहत. उन्हात गाडीच्या अंगावरून सावल्या फिरल्यासारख्या त्या दिसतात. गॅरेजमध्ये त्यांना होलोग्राम म्हणतात. गिऱ्हाईक संध्याकाळी ट्यूबलाइटखाली गाडी ताब्यात घेतं, खूश होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होलोग्राम मोजतं.

नवशिक्यासाठी दार उघडलं ते लाकूडकामाच्या बाजूने. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात 1906 मध्ये सुरू झालेली पोर्टर-केबल ही सुतारांच्या विजेच्या हत्यारांची जुनी कंपनी. लाकडावर गोल खुणा उठू नयेत म्हणून सँडरमध्ये एक युक्ती वापरली जात होती: तबकडी मोटरच्या आसावर थेट न बसवता आसापासून जरा बाजूला, मोकळ्या बेअरिंगवर बसवायची. मग ती एका वेळी दोन प्रकारे हलते, छोट्या वर्तुळात थरथरते आणि जमेल तशी स्वतःभोवतीही फिरते. कुठलाही दाणा एकाच वाटेने पुन्हा जात नाही. अशा 8 मिलिमीटर फेऱ्याच्या पोर्टर-केबलच्या मशीनवर सँडपेपरऐवजी फोमचा पॅड लावून अमेरिकेतल्या हौशी लोकांनी आपापल्या गाड्या घोटायला सुरुवात केली. या मशीनचा एक गुण अनमोल आहे. जास्त दाब दिला किंवा पॅड तिरका झाला की त्याचं स्वतःभोवती फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते. घासणं कमी होतं, ऊब वाढत नाही. चुकणाऱ्याच्या हातात मशीन स्वतःच ढिलं पडतं. रोटरीकडे ही दया नव्हती.

पण 8 मिलिमीटरच्या फेऱ्याने काम फार सावकाश होई. इटलीत मिलानजवळच्या रुपेस कंपनीने, जिची सुरुवात 1947 ची, 15 आणि 21 मिलिमीटर फेऱ्याची मशीनं तोल साधून बनवली. मोठा फेरा म्हणजे दाण्याचा लांब प्रवास. रोटरीच्या जवळपास जाणारं काम होलोग्रामशिवाय होऊ लागलं. आज भारतात ‘डीए’, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणून मिळणारी बहुतेक मशीनं, स्वस्त चिनी असोत की महाग, याच बांध्याची आहेत.

तेव्हा आज शिकायचं झालं तर याच मशीनवर शिकावं आणि रोटरी नंतर हातात घ्यावी. जुने उस्ताद या मताला हसतात, ‘रोटरी आली नाही त्याला काय आलं?’ त्यांच्या हाताला माझा नमस्कार आहे. पण त्यांच्या शिकाऊ पोरांनी ज्या पॅनलवर हात बसवला ते पॅनल कुणाचे होते, हेही विचारायला हवं. आजच्या 40 मायक्रॉनच्या क्लिअर कोटवर तशी शिकवणी परवडत नाही.

शिकताना ज्या गोष्टींनी खरोखर फरक पडतो त्या मशीन सुरू होण्याआधीच्या आहेत. गाडी धुवायची, मग 1990 च्या दशकात जपानमधून जगभर गेलेली क्ले, म्हणजे कणकेसारखी मळता येणारी वडी, घेऊन ओल्या, निसरड्या पत्र्यावर ती हलक्या हाताने फिरवायची. रंगात रुतलेले लोखंडाचे कण, सिमेंटचे थेंब, झाडाचा चीक तिला चिकटून येतो. हे न करता पॅड फिरवला तर तेच कण पॅडमध्ये अडकून नवे ओरखडे काढतात. गाडी सावलीत, पत्रा थंड. कडांवर टेप. मशीनच्या तबकडीच्या बाजूला मार्करने एक काळी रेघ ओढून ठेवावी. चालू असताना ती रेघ फिरताना दिसली तर पॅड फिरतोय, नुसती थरथरताना दिसली तर दाब जास्त आहे किंवा पॅड तिरका आहे. इतका साधा आणि इतका प्रामाणिक गुरू दुसरा नाही.

मग दीड फूट लांब-रुंद एवढाच चौकोन घ्यायचा. सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिश यांच्यापासून सुरुवात, भागलं नाही तर एक पायरी वर. मशीन बंद असतानाच पॅडने ठिपके पसरवायचे, नाहीतर ते भिंतीवर उडतात. हात सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर, याहून घाई नको. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा, एकदा आडवं, एकदा उभं, असे चार ते सहा फेरे. नवशिक्याचा हात हमखास पळतो, कारण मशीनचा आवाज त्याला पळायला लावतो. मायक्रोफायबरने पुसल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून त्या चौकोनावर मारावं, म्हणजे पॉलिशमधलं तेल निघून जातं आणि ओरखडे गेले की फक्त भरले, हे कळतं. टॉर्च धरून बघावं. चौकोन पटला तरच बाकीची गाडी.

पॅड दर चौकोनानंतर ब्रशने साफ केला नाही तर त्यात क्लिअर कोटची भुकटी आणि सुकलेलं पॉलिश साचून पॅड कडक होतो, तापतो आणि मग सगळे म्हणतात पॉलिश वाईट निघालं. प्लास्टिकच्या बंपरवर दुप्पट सावध राहावं, कारण पत्र्यासारखी तिथून ऊब पसरत नाही. जाडी मोजण्याचं छोटं यंत्र मिळालं तर जरूर वापरावं, पण ते सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, एकट्या क्लिअर कोटची सांगत नाही. एका दारावर 250 आणि बाकी गाडीवर 120 दिसलं तर ते दार आधी रंगवलेलं आहे एवढं नक्की. आणि ज्या ओरखड्यात नख अडकतं तो सोडून द्यावा. तो पूर्ण काढायचा म्हणजे आजूबाजूचा सगळा थर त्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, आणि तेवढा थर आपल्याकडे नाही. थोडासा ओरखडा राहू देणं हे या कामातलं सर्वांत उशिरा येणारं कौशल्य आहे.

नव्याने शिकणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या गाडीला हात लावण्याआधी पुण्याच्या नाना पेठेतल्या किंवा कुर्ल्यातल्या भंगाराच्या दुकानातून एखादं ठोकलेल्या गाडीचं बॉनेट आणावं, शक्यतो काळं किंवा गडद निळं. त्यावर मुद्दाम एका धारेवर मशीन रोखून धरावं आणि क्लिअर कोट नेमका किती वेळात जातो ते डोळ्यांनी पाहावं. आणि जे स्वतः करणार नाहीत, गॅरेजमध्येच करून घेणार आहेत, त्यांनी पुढच्या सर्व्हिसिंगच्या अंदाजपत्रकात रबिंग-पॉलिश लिहिलेलं दिसलं तर आधी विचारावं: कुठला पॅड, कुठलं कंपाउंड आणि या गाडीवर याआधी किती वेळा? उत्तर मिळालं नाही तर ती ओळ खोडून टाकावी.